खोबरेल लावलेलं काडतूस

“काडतुसांक तेल लावू नकात हां, वहिनी. बुडच्या टोपीत जिरला की काडतूस फुकट.”

जयराम फिटरची ही ताकीद राजश्रीवहिनींनी हसण्यावारी नेली. लोखंडाला तेल नाही लावायचं, तर काय पावडर?

मित्रांनो, मी कुवेत शहरातल्या बनेद अल-गार वस्तीतला एक जुना, कमी ताकदीचा रिव्हॉल्व्हर आहे. तळमजल्यावरच्या ताहिराआजींच्या नवऱ्याने मला गलबतावर वापरायला घेतलं होतं. खलाशी माझी चक्री फिरवून वाहवा करत. मालक वारले आणि मी कपाटात पडून राहिलो.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये शहरात इराकी सैनिक शिरले. राजश्रीवहिनींचे यजमान शैलेश रजेवर पुण्याला गेलेले, आणि वरच्या मजल्यावर त्या आणि तीन वर्षांची नेहा अशा दोघीच. ताहिराआजींनी मला काडतुसांच्या डब्यासकट वहिनींच्या हातात ठेवलं. “बेटी, मेरा हाथ काँपता है. तू रख.”

डब्यात तीन प्रकारची काडतुसं होती. वहिनी बी.एस्सी. झालेल्या, पण त्यांनी टोकाला खळगा असलेली चकचकीत तेवढी उचलली. बंदराजवळच्या शुवैखहून नेहासाठी दूधपावडर घेऊन आलेल्या, शैलेशच्या ओळखीच्या जयरामभाऊंनी ती काढून घेतली. कोकणात वडिलांच्या बंदुकीबरोबर आंब्याच्या बागा राखत ते वाढले होते.

“ही गोळी जोरात गेली तरच अंगात फुलता. ह्येच्यात तेवढो जोर खंय? फुलाची नाय आणि खोलही जावची नाय.”

“मग ही जास्त दारूची?”

“ह्या म्हाताऱ्याचा अंग फुटात, तुमच्याच हातात! साधी शिशाची घाला. तीच ह्येका झेपतली.”

इतक्या वर्षांनी मला काय झेपतं याचा कुणी विचार केला होता. मी सुखावलो.

वहिनींना मात्र चैन नव्हतं. जिन्यात खुट्ट झालं की त्या दाराशी जायच्या. नेहाची वेणी झाली की त्याच बोटांनी एकेका काडतुसाला खोबरेल चोळायच्या, रोज.

एका दुपारी जिन्यात जड पावलं वाजली. दारावर लाथ बसली. कडी आधीच खिळखिळी होती. दार उघडलं आणि लष्करी हिरवं जाकीट दिसलं. वहिनींनी डोळे मिटून चाप ओढला.

टक्.

मी सर्व शक्तीनिशी घोडा आपटला होता. काडतूस पेटलंच नाही.

दारात जयरामभाऊ उभे होते. कुठूनसं मिळालेलं जाकीट अंगात, दोन्ही हातांत दूधपावडरचे डबे, म्हणून दार पायाने ढकललेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तेल लावलात मां?” ते कसेबसे म्हणाले. “बरां झाला ऐकलात नाय. म्हणान जितो रवलंय.”

वहिनी तिथेच बसून रडल्या. मग दोघांनी ठरवलं: तीनदा दार वाजवायचं आणि नाव सांगायचं. “शुक्रवारी जॉर्डनच्या बसपर्यंत पोचवूक येतंय,” असं सांगून ते गेले.

शुक्रवार आला. तीन थापा पडल्या नाहीत. भारतीयांना जॉर्डनमार्गे मायदेशी नेणारी बस थांबणार नव्हती. वहिनींनी मला आजींकडे परत दिलं, कुणा मराठी माणसाने वाचावा म्हणून माझ्याभोवती एक कागद बांधला आणि त्या नेहाला घेऊन निघाल्या.

मित्रांनो, आता एक्याण्णव उजाडलं आहे. हत्यार जवळ असलं, तरी चापावर बोट जाण्याआधी दारात कोण आहे ते विचारा. आजींना मराठी वाचता येत नाही, म्हणून तो कागद मी तुम्हाला वाचून दाखवतो:

“शुवैखला रंगाच्या गोदामामागे जयराम फिटरची खोली आहे. एकटे राहतात. कृपा करून जाऊन बघा. तीनदा दार वाजवा, माझं, राजश्रीचं, नाव सांगा. आणि त्यांनी उघडलं नाही, तर लगेच परत फिरू नका.”