दारामागचा कोपरा

मी एक जुना काळा फळा आहे, मित्रांनो, अस्सल पाटीच्या दगडाचा. मला भिंतीवर बसवणाऱ्या सुताराने माप घेतलं ते दार बंद असताना. त्यामुळे दार उघडलं की माझा उजवा कोपरा त्यामागे गडप होतो. "एवढ्याने काय बिघडतंय?" म्हणत तो हत्यारं आवरून गेला. काय बिघडलं, तेच सांगतो.

माझ्या खोलीत गणिताच्या बाई बसतात. भोवरे हा त्यांचा विषय. तुम्ही दोरीने फिरवता ते नव्हेत. काही धातू खूप थंड करून चुंबकाजवळ नेले की त्यांच्यात बारीक भोवरे उठतात, ते! असा भोवरा अर्धा-पाऊण कधी नसतो. एक असेल, दोन असतील. जितके भोवरे, तितक्या पट ऊर्जा लागणारच, कमीत भागायचं नाही, हे बाईंना सिद्ध करायचं होतं. पाच वर्षं त्यांनी माझ्यावर खडू झिजवला. धुळीने खोकल्या, पण हटल्या नाहीत. मला कोण अभिमान वाटायचा!

गेल्या वर्षी शेवटची ओळ लांबली. धातूच्या कडेवरच्या ऊर्जेचं पद लिहायला कोपराच उरला. दुसऱ्या दिवशी उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं, आणि पुढेही बाई असताना ते तसंच राहू लागलं. बाईंनी दिसलं तेवढं वहीत उतरवलं, आणि पुढचं सगळं वहीवरूनच झालं.

मग गणिताच्या नियतकालिकाला पाठवलेला लेख परत आला. तपासणाऱ्याने एक उदाहरण दिलं होतं, त्यात ऊर्जा बाईंच्या मर्यादेखाली जात होती. महिन्याभरात चूक सापडली नाही, तर पाच वर्षं पाण्यात. बाईंनी कपाळाला हात लावला नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, रोज. मी सगळं जाणून होतो, पण फळ्याला तोंड कुठे असतं? मला फार वाईट वाटायचं.

त्यातच माझ्या जागी पांढरा फळा यायचं ठरलं. मला उतरवायला कार्यालयातले शिपाईमामा आले. स्क्रू काढायला त्यांनी दार लावलं आणि थबकले.

"बाई, इथलं पुसू का? झाडताना बघतो, वर्षभर आहे तसंच आहे. विचारल्याशिवाय मी कुणाचं लिहिलेलं पुसत नाही."

"कुठलं?" बाई उठून आल्या. वहीशी ताडून पाहिलं. "मामा, राहू द्या ते स्क्रू. हेच तर हरवलं होतं!"

वहीत सुटल्यामुळे ते पद शून्य धरल्यासारखं झालं होतं, पण ते काही शून्य होईना. भोवरा कडेजवळ असेल तर बाईंचा दावा खोटाच होता. कडेपासून लांब असेल तरच खरा. बाईंनी दावा तेवढाच ठेवला आणि मुदतीच्या दोन दिवस आधी लेख पाठवला. तो स्वीकारला गेला. दावा लहान झाला, पण आता तो कुणाच्या बापाला मोडता येणार नाही.

पांढरा फळा समोरच्या भिंतीवर लागला. मी इथेच आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, दगड आहे मी, टिकेन. पण कुणाचं लिहिलेलं पुसण्याआधी मामांसारखं विचारत जा. आणि वहीत उतरवून घेण्याआधी, कितीही उकडत असलं तरी, एकदा दार लावून बघा.