घंटा वाजली की कोण उतरते?

मित्रांनो, सात मजल्यांच्या इमारतीत वरखाली करणारी मी एक जुनी लिफ्ट आहे. कारखान्यातून निघाले तेव्हाच माझ्या पाटीवर 'सहा माणसे' असे कोरले होते. त्याहून जास्त ओझे झाले की माझी घंटा वाजते आणि मी जागची हलत नाही. सुरुवातीला लोक कौतुकाने 'शहाणी आहे हो' म्हणत. पुढे मी कुरकुरू लागले, आरशाला तडा गेला, कौतुकही आटले. घंटा मात्र खणखणीत राहिली.

सातव्या मजल्यावर क्लिअरिंग हाउस आहे. शेअर बाजारातले सौदे पुरे होतील, याची हमी ते देते. एखादा दलाल बुडाला तर इतरांचे हाल नकोत, म्हणून प्रत्येक दलालाकडून आधीच रक्कम ठेवून घेते. तिला मार्जिन म्हणतात. बाजार उसळला की मार्जिन वाढते. ती त्यांची घंटाच म्हणा ना.

यंदा नवा नियम येऊ घातला होता. बाजारात वादळ आले की मोठ्या दलालांकडून मार्जिन कमी घ्यायची मुभा! त्याच्या सुनावणीला एक निवृत्त नर्सबाई भाचीला घेऊन आल्या. त्यांची आयुष्यभराची पुंजी शेअरमध्येच होती.

"मावशी, तिथे सगळी बडी माणसं. आपलं कोण ऐकतंय?"

"नाही ऐकलं तर नाही. पण कुणी हरकतच घेतली नाही, असं तरी त्यांना म्हणता येणार नाही."

त्यांच्या मागून एका बड्या दलाल कंपनीचे साहेब, दोन वकील आणि कागदांची जड खोकी आत आली. घंटा वाजली. सगळ्यांनी बाईंकडे पाहिले.

"आजी, तुम्ही मागून या ना. आम्हाला उशीर होतोय," साहेब म्हणाले.

दोघी उतरल्या आणि जिना चढू लागल्या. बाईंचा गुडघा आधीच दुखरा.

"ही घंटा काढून टाकायला सांगा," साहेब वर जाताना म्हणाले. "नेमकी गर्दीच्या वेळी बोंबलते."

गर्दीच्या वेळी नाही, तर मी कधी वाजायचे?

सभागृहात मला जाता येत नाही. आत काय झाले ते उतरणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. बाई धापा टाकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मघाशी लिफ्टची घंटा वाजली. ओझं खोक्यांचं, उतरले मी. तुम्ही तर वादळात घंटाच बंद करताय. मोठा दलाल बुडाला की भरपाईला आमच्यासारखेच सापडतील." निर्णय पुढे ढकलला गेला.

परतताना दोघी आधी आत आल्या. मागून तेच साहेब, तेच वकील, तीच खोकी. घंटा वाजली. पुन्हा सगळ्यांनी बाईंकडे पाहिले. बाई हलल्या नाहीत.

"साहेब, खोकी जिन्यानं जाऊ देत," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांचे गुडघे दुखत नाहीत."

एका वकिलाने हसू दाबले. साहेब खोक्यांसह उतरले. मी दार लावून घेतले.

नियमाचा निकाल अजून लागलेला नाही. तो लागेल तेव्हा मी इथे नसेन. माझ्या जागी नवी लिफ्ट यायची आहे. मित्रांनो, तिची घंटा काढू देऊ नका. आणि ती वाजली की सर्वांत गरीब चेहरा शोधू नका. कोणाचे ओझे किती, ते आधी पाहा.