बारा कडव्यांचा गठ्ठा

पाकिटं चिकटवायच्या त्या लांबट खोलीत कुणी काही मोजत नसे. मोजायचं काम थोरलीचं गाणं करायचं.

गाणं तिच्या आईकडून आलेलं, बारा कडव्यांचं. थोरलीने पहिली ओळ उचलली की टेबलाभोवतीच्या सात बायका कागद पुढ्यात ओढायच्या. घडी, खळ, दाब, बाजूला. बारावं कडवं संपलं की प्रत्येकीपुढे बरोब्बर पन्नास पाकिटं. कागदी पट्टी गुंडाळायची, गठ्ठा टोपलीत टाकायचा, घोटभर पाणी प्यायचं की पुन्हा पहिलं कडवं. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं. मालकीणबाई तिला ‘घड्याळ’ म्हणायच्या, आणि थोरलीला ते मनातून आवडायचं.

मग तिची धाकटी जाऊ एका सोमवारी गळ्यात गाण्यांचा प्लेयर अडकवून आली. थोरलीनेच शब्द टाकून तिला वर्षापूर्वी इथे लावलं होतं. प्लेयर म्हणजे काडेपेटीएवढा निळा प्लॅस्टिकचा तुकडा, पडदा नाही, चार काळी बटणं आणि एक लाल. लाल बटणाने म्हणे आवाज भरून घेता येतो, पण ते कोणाला हवंय, असं धाकटीच म्हणाली. केवढ्याला, असं सगळ्यांनी विचारलं. चपलेच्या जोडापेक्षा स्वस्त. आत सहाशे गाणी. तिने त्याला लिंबाएवढा स्पीकर जोडला आणि खोलीभर गाणं सुरू झालं.

“जाऊबाई, आज घशाला सुट्टी,” धाकटी हसून म्हणाली.

तिने ते मायेने म्हटलं होतं. पण माया सुद्धा कधीकधी कुसळासारखी लागते. कोपऱ्यातली जाडी बाई म्हणाली, खरंच गं, विसावा घे जरा, हल्ली तुझं आठव्या कडव्याला खरखरतं. इतकी वर्षं हे कुणी बोललं नव्हतं. थोरलीने खळीच्या वाटीत बोट बुडवलं आणि ते पुसायचंच विसरली.

दुपारपर्यंत खोली डोलत होती. त्या यंत्राला खोकला नव्हता, कोमट पाणी लागत नव्हतं, मधेच घरची आठवण येऊन त्याचा गळा दाटत नव्हता. थोरलीला वाटलं, आपण जिवंत आहोत हाच आपला दोष.

आणि दुपारी टोपली उचलताना तिच्या अंगठ्याला कळलं. गठ्ठा पातळ होता. तिने पाठ फिरवून मोजला, एकेचाळीस. दुसरा मोजला, त्रेसष्ट. बायकांचे हात सवयीचे गुलाम. गाणं संपलं की पट्टी गुंडाळत होते. यंत्रातलं एक गाणं आखूड, दुसरं लांब. पण हातांना ते कोण सांगणार?

थोरली सांगू शकली असती. तोंड उघडलंही. तेवढ्यात जाडी बाई धाकटीला म्हणाली, “अगं, ते मघाचं पुन्हा लाव ना.” थोरलीने तोंड मिटलं.

तिचा रोजचा एक नेम होता. सकाळी तोंड धुतलं की हात जोडून म्हणायची, देवा, आज जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. लग्नाआधीपासूनचा नेम, कधी मोडला नव्हता. त्या संध्याकाळी घरी जाताना तिने स्वतःची समजूत घातली: मी खोटं कुठे बोलले? मी तर बोललेच नाही.

घरी पाहते तर पायरीवर धाकटी आणि थोरलीची लेक खांद्याला खांदा लावून बसलेल्या. एक इअरफोन काकूच्या कानात, दुसरा पुतणीच्या. आईचं गाणं शिक म्हणून थोरली लेकीच्या तीन वर्षं मागे लागली होती. तिला अजून दुसरं कडवंसुद्धा येत नव्हतं. यंत्रातलं मात्र ती ओठांनी म्हणत होती. थोरलीने पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. दोघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. थोरली रोज दोनतीन गठ्ठे अंगठ्याने चाचपायची आणि गप्प राहायची. मनात एकच यायचं: कळू दे एकदा सगळ्यांना.

शुक्रवारी कळलं. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. मालकीणबाई दोन गठ्ठे हातात घेऊन टेबलाशी उभ्या राहिल्या, एक बोटाएवढा बारीक, एक उशीसारखा फुगलेला. त्यांनी स्पीकर बंद केला. कारण कळायला त्यांना वेळ लागला नाही. धाकटीला म्हणाल्या, उद्यापासून तू येऊ नकोस. गळ्यातला तो निळा तुकडा धाकटीने मुठीत लपवला, चोरी सापडल्यासारखा.

हेच तर हवं होतं. मग बरं का वाटत नाही, थोरलीला कळेना.

मालकीणबाई तिच्याकडे वळल्या. “तुझ्या अंगठ्याला एक पाकीट कमी असलं तरी समजतं. तुला समजलं नव्हतं?”

नाही म्हटलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. सात बायका बघत होत्या.

“समजलं होतं,” थोरली म्हणाली. “सोमवारीच.”

“मग?”

“हिचं कौतुक बघवत नव्हतं, बाई. म्हणून गप्प बसले. काढायचं तर मला काढा.”

मालकीणबाईंनी दोन्ही गठ्ठे तिच्यापुढे टाकले. काढून माझं पोट भरणार नाही, म्हणाल्या. दोघींनी मिळून सगळा माल पुन्हा मोजा आणि बांधा, मग पुढचं बघू.

शनिवारी बाकीच्यांना सुट्टी दिली. दोघी जावा समोरासमोर बसल्या. पट्ट्या सोडत होत्या, मोजत होत्या. शेवटची टोपली संपल्यावर धाकटीने गळ्यातला प्लेयर काढून टेबलावर ठेवला.

“माझी नोकरी जात होती, जाऊबाई. चार दिवस तरी मी तुमच्याशी बोलणार नाही,” ती म्हणाली. “पण हे लाल बटण दाबतेय. बारा कडवी म्हणा. पूर्ण.”

थोरलीने म्हटली. घसा साफ होता, आठवं कडवंही निभावलं.

मालकीणबाईंनी दोघींनाही ठेवून घेतलं. सोमवारी सकाळी लिंबाएवढ्या स्पीकरमधून थोरलीचं गाणं खोलीभर पसरलं. प्रत्येकीपुढे पन्नास पाकिटं, एक कमी नाही की जास्त नाही. दुपारी खोली दमली, तरी आवाज सकाळइतकाच ताजा. जाडी बाई घडी घालता घालता म्हणाली, “हिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा यात किती गोड लागतंय गं.”

थोरली आपल्याच आवाजाकडे बघत राहिली. पुन्हा तेच, छातीत तेच जुनं कुसळ. तिने हळूच हात जोडले, आणि देवाला खरं काय ते सांगून टाकलं: आता माझ्याच आवाजाचं कौतुक मला बघवत नाही.