टाळ्यांनी वाढलेलं रक्त

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. उशिरा आलेली मंडळी भिंतीला टेकून उभी होती. मंचावर फिकट चेहऱ्याची एक शिक्षिका बसलेली. मघाशी तिच्या बोटातून थेंब काढला तेव्हा हिमोग्लोबिन आठ भरलं होतं. मग तिला गव्हाच्या कोवळ्या पात्यांच्या पावडरीचा हिरवागार पेला पाजला. आता दुसरा थेंब पट्टीवर पडला आणि पडद्यावर आकडा उमटला, साडेनऊ. सगळं सभागृह हुंकारलं.

"बघा मंडळी," तृणाचार्य म्हणाले. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं. "पानातलं हरितद्रव्य आणि माणसाचं रक्त, ही सख्खी भावंडं. फरक फक्त एका अणूचा. हिरवं पोटात गेलं की लाल होऊन नसांत धावतं. बैल जन्मभर गवत खातो. त्याला कधी चक्कर आलेली पाहिलीत?"

लोक हसले. बैलाला चक्कर आली तर तो सांगणार कुणाला, हे कुणी विचारलं नाही.

थेंब काढणारी बाई एका पॅथॉलॉजी लॅबमधली तंत्रज्ञ. तृणाचार्यांच्या अशा शिबिरांसाठी लॅबच्या मालकानेच तिला पाठवलेलं. इतकी वर्षं ती तळघरात नळ्या हलवत बसलेली, तिचा चेहरा कुणाच्या लक्षात राहायचं कारण नव्हतं. इथे मात्र तृणाचार्य माइकवरून म्हणायचे, "आमच्या ताईंचा हात म्हणजे फूल," आणि शेकडो माणसं तिच्याकडे वळून बघायची. तिला ते आवडायचं. फार आवडायचं.

तृणाचार्यांच्या सूचना ठरलेल्या असत. आधी म्हणत, "ताई, रांग मोठी आहे. स्पिरिट वाळायची वाट बघू नका, बोट दाबून थेंब काढा." मग पेला, मग भाषण, आणि मग, "आता सगळ्यांनी टाळ्या. जोरात. रक्त जागं होऊ दे." हात तापून लाल झाले की हळूच, "आता सावकाश घ्या, बोट कोरडं करून."

दुसऱ्याच शिबिरात तिच्या डोक्यात प्रकाश पडला होता. ओल्या बोटाचा, पिळून काढलेला थेंब पातळ होतो आणि आकडा खाली येतो; गरम, कोरड्या बोटातून थेंब न पिळता येतो आणि आकडा खरा लागतो, हे नवख्या मुलींना तीच शिकवायची. पण तिने मनाची समजूत घातली. गवतच तर आहे, कुणाचं काय बिघडतंय.

बिघडलं तिच्या नणंदेचं. नणंदेचं शिवणकामाचं दुकान होतं. दर महिन्याला अंगावरून फार जायचं, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन सोनोग्राफी करायला सांगितलेली. शिबिरात स्वतःचा आकडा चढलेला पाहिला आणि तिने गोळ्या बंद केल्या, सोनोग्राफी पुढे ढकलली. "आमची वहिनी मोजते म्हटल्यावर शंका कसली," असं गिऱ्हाइकांना सांगत ती ब्लाउजांबरोबर पावडरीचे डबेही खपवू लागली. आणि एका दुपारी कापड बेतता बेतता टेबलाशेजारीच कोसळली.

इस्पितळात हिमोग्लोबिन पाचाच्याही खाली निघालं.

"गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचंच मशीन बिघडलं असेल," नणंद क्षीण आवाजात म्हणाली. "आमच्या वहिनीनं मोजलंय. तिचा हात कधी चुकत नाही."

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

पुढच्या शिबिरात ती गेली. नेहमीसारखाच एका आजीबाईंचा पहिला थेंब काढला. पेला आला तेव्हा तिने तो बाजूला सारला. "आजी, हे पिऊ नका. नुसत्या टाळ्या वाजवा." टाळ्या झाल्यावर तिने बोट कोरडं केलं, हलकेच टोचलं. आकडा चढला.

"ताईंची तब्येत बरी दिसत नाही," तृणाचार्य हसत म्हणाले.

ती थांबली नाही. पेला पिऊन आकडा वाढलेल्या एका गृहस्थांचं बोट तिने स्पिरिटने ओलं केलं, पिळून थेंब काढला. आकडा धपकन खाली आला.

"पावडर यांच्या पोटातच आहे," ती म्हणाली. "मग रक्त गेलं कुठे? कुठेच नाही. आधी मी थेंब पातळ करते, मग नीट घेते. गवताचं रक्त होत नाही. पालेभाजीतून मिळतं तसं थोडं पोषण त्यातून मिळत असेल. पण औषध ते नव्हे."

पुन्हा मोजून घ्यायला आलेली ती फिकट चेहऱ्याची शिक्षिका पुढच्या रांगेतून उठली. "आणि इतके दिवस हे तुम्हीच करत होतात?"

"हो. मीच."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिला सोपं गेलं असतं. लोक एकेक करून उठले, तिच्याकडे न बघता बाहेर पडले. दाराशी दोघांनी तरीही डबे विकत घेतलेच.

संध्याकाळी नणंदेला रक्त चढत होतं. वहिनीने सगळं सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" नणंदेने विचारलं.

"दुसऱ्या शिबिरापासून."

"म्हणजे माझं बोट टोचलंस तेव्हाही."

"हो."

नणंदेने मान भिंतीकडे वळवली. "माझ्या शब्दावर किती बायकांनी डबे नेलेत. घरी गेले की त्या विचारायला येतील. मी नाही सांगणार. तू येऊन सांग."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी वहिनी शिवणाच्या दुकानात बसते. नणंद मशीन चालवते, तिच्याशी कामापुरतं बोलते. कुणी बाई पावडरीचं विचारायला आली की नणंद नुसतं बोट दाखवते, आणि ती, खाली घातलेली मान वर करून, तेच सांगते. "आकडा वाढला म्हणून कुणी काही विकू लागलं, तर आधी विचारा, कुणी मोजला आणि कसा मोजला. पावडर न घेता मोजला असता तर किती आला असता, तेही विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. आणि मोजणारी बाई ओळखीची असली, घरातली असली, तरी विचारा. मी असले तरी."