पावलिनाचा काळा-पांढरा फोटो

माझ्या हातून एका जित्याजागत्या बाईचं मयत झालं, आणि तेही शाळेच्या पडद्यावर, अख्ख्या गावासमोर. सोबतचे शिक्षक म्हणतात, वेलिच्का बाई, जाऊ द्या, होतं माणसाच्या हातून. आपोआप काही होत नसतं. माणूस स्वतःला फार शहाणा समजायला लागला की असलं होतं. तीस वर्षं भाषा शिकवतेय, एवढं मला कळतं.

उन्हाळ्यात विदीन शहरात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. एका तरण्या बाईनं सांगितलं, मुलांना निबंध लिहायला लावू नका, हातात फोन द्या. दोन मिनिटांचा साधा व्हिडिओ, घरातला, मनातलं सांगणारा. जे पोर वर्गात तोंड उघडत नाही ते फोनला सगळं सांगतं, म्हणाली. मला पटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला हे पटलं की चांगले व्हिडिओ निघाले तर शाळेचं नाव होईल. सातवीत अकरा पोरं उरली आहेत. दर वसंतात कुणीतरी बातमी आणतं, की ही शाळा आता बंद होणार. आणि शाळेच्या नावाबरोबर माझंही नाव होणारच होतं, तेही मनात होतंच.

सप्टेंबरात पोरांना कामाला लावलं. कुणी आजारी शेळी आणली, कुणी बापाचं घोरणं. आणि रालित्सानं आणली ल्युतेनित्सा.

रालित्सा तेरा वर्षांची. तिची आई पावलिना पाच वर्षांपूर्वी इटलीत बेर्गामोला गेली, एर्नेस्ता नावाच्या एका म्हातारीला सांभाळायला. घर तिच्या कामावर चालतं. इकडे पोर आणि आजोबा, म्हणजे आमचे त्सोलोकाका, असे दोघंच. पावलिनाही माझीच विद्यार्थिनी. व्याकरणात कच्ची, मनानं सोन्यासारखी.

तर व्हिडिओत त्यांचं अंगण. चुलीवर मोठं पातेलं, त्यात ल्युतेनित्साच्या चटणीसाठी भाजलेल्या लाल मिरच्या नि टोमॅटो रटरटताहेत, त्सोलोकाका लाकडी उलथन्यानं ढवळताहेत. बाजूच्या टेबलावर बरणीला टेकवून फोन उभा केलाय आणि त्यातून पावलिना हुकूम सोडतेय.

"बाबा, ढवळा. तळाला लागतंय."

"तुला काय तिथवर वास येतोय?"

"वास कशाला हवा, तुमचा हात दिसतोय ना. झोप आलीय त्या हाताला."

तेवढ्यात फोनमध्ये म्हातारी एर्नेस्ता डोकावते, इटालियनमध्ये काहीतरी विचारते. त्सोलोकाका उलथनं नाचवत बल्गेरियनमध्ये उत्तर देतात. एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नाही आणि दोघंही हसून लाल. शेवटी रालित्सा पावाच्या तुकड्याला ती गरम ल्युतेनित्सा लावते, फोनसमोर धरते, आणि पावलिना तिकडे आ करते. संपलं.

वर्ग हसून हसून बाकावर आडवा झाला. मीसुद्धा हसले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "छान आहे. पण यात भावना कुठेय?"

"सगळे हसतायत ना, बाई."

"हसणं म्हणजे काही भावना नव्हे, रालित्सा."

हे मी बोलले. याच तोंडानं.

तिला थांबवून घेतलं. म्हटलं, "पाच वर्षं आई घरी नाही. तुला काही वाटत नाही का?"

तिनं नीट विचार केला. ती पोर विचार करूनच बोलते. "वाटतं की. पण आई असते ना, बाई. जेवायला रोज असते."

"फोनमध्ये."

"हो, फोनमध्ये," असं ती म्हणाली, जणू मलाच कळायला जरा वेळ लागतोय.

तिथे गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी ते काम हातात घेतलं. त्या दोघींचं बरं चाललंय हे मला बघवेना असं नाही, पण बरं चाललेलं पडद्यावर दाखवून बक्षीस कोण देतं? मी दोन वाक्यं लिहून दिली. 'आई, रोज टेबलावर तुझी ताटली मांडते. रोज ती रिकामीच उचलते.'

"बाई, आम्ही ताटली नाही मांडत. फोन कुठे ठेवणार मग?"

"मांड. व्हिडिओपुरती मांड."

"खोटं होईल."

"खोटं नाही गं. त्याला कला म्हणतात."

रिकामी खुर्ची, रिकामी ताटली, समोर रालित्सा. दोनदा घेतलं. वाक्यं पाठ म्हटल्यासारखी म्हणाली, डोळे कोरडे ठक्क. तिसऱ्या वेळी मी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "समज, ती परत आलीच नाही. कधीच." पोरीच्या चेहऱ्याचा रंग गेला. मग ती अशी रडली, अशी रडली की वाक्यं अर्धीच बोलली गेली. मी फोन धरून उभी होते. म्हणाले, "अगदी असंच, शाबास."

बाकीचं मी घरी केलं. पावलिनाचा फोटो घेतला, त्यातला रंग काढून टाकला. काळं-पांढरं केलं की दुःख गडद होतं, असं त्या विदीनच्या बाईनं शिकवलं होतं. फोटोखाली नाव टाकलं, नावाखाली ती इटलीला गेली ती तारीख. मागे बासरी लावली. दहा वेळा पाहिलं आणि दहाही वेळा माझे मलाच डोळे भरून आले. स्वतःच्याच स्वयंपाकाची तारीफ करत जेवणारी बाई असते ना, तशी मी.

पहिली नोव्हेंबर. त्या दिवशी आम्ही गावाला अक्षरओळख देऊन गेलेल्या थोर माणसांची आठवण काढतो. शाळेचा हॉल भरला. त्सोलोकाका टाय बांधून आलेले, आणि लेकीला दिसावं म्हणून फोन छातीसमोर धरून बसलेले. शेळी झाली, घोरणं झालं, लोक हसले. मग अंधार, बासरी, रिकामी ताटली, रालित्साचं रडणं, आणि सगळ्यात शेवटी पडदाभर पावलिनाचा काळा-पांढरा फोटो, खाली नाव आणि तारीख.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा कागद लावतात. दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर. काळा-पांढरा फोटो, खाली नाव, खाली तारीख. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. गावात जित्या माणसांपेक्षा हे कागद जास्त झालेत. घरापासून शाळेपर्यंत रोज पन्नासेक तरी मी ओलांडते. पण त्यात आणि माझ्या कलेत काही साम्य आहे, हे या डोक्यात शिरलंच नाही.

दुसऱ्या रांगेतल्या गेन्काआजी उठून उभ्या राहिल्या. छातीवर क्रूस काढला. "देव क्षमा करो तिला. लहान होती हो पोर," म्हणाल्या. शेजारची उठली. मागची रांग उठली. बघता बघता सगळा हॉल उभा.

आणि मला वाटलं, हे माझ्या व्हिडिओला मान देताहेत. मीसुद्धा उभी राहिले. मान जराशी खाली घातली, विनयानं. ते आठवलं की अजूनही धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं.

"कोण गेलं?" त्सोलोकाकांचा आवाज आला. "कुणाला क्षमा? अहो बसा खाली. जिवंत आहे ती. ही काय, फोनमध्ये आहे." आणि त्यांनी फोन डोक्यावर उंच धरला.

फोनमध्ये पावलिना रडत होती. लोक उभे आहेत, क्रूस काढताहेत, याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं फक्त ताटलीचं ऐकलं होतं. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज ताटली मांडता माझी? मला एका शब्दानं सांगितलं नाहीत कधी."

त्सोलोकाकांनी रालित्साकडे पाहिलं. रालित्सानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याची दोरी सोडवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्सोलोकाकांच्या उंबऱ्यावर शेवंतीची सहा फुलं ठेवून गेलं. सम संख्येची फुलं आम्ही फक्त मेलेल्याला देतो. कुणीतरी अर्धवट ऐकलं असणार. काका ती फुलं घेऊन तडक वर्गात आले, माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, ही तुमची," म्हणाले. "तुम्ही मारलीत, तुम्हीच दिवस घाला." पोरं खाली मान घालून बसली होती.

चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, पावलिनाच दारात उभी. दीड दिवस बसमध्ये काढलेली, केस विस्कटलेले, हातात पिशवी. मागे रालित्सा. मी मनाशी म्हटलं, आता ही मला फाडून खाणार, आणि खावंच. तिनं पिशवी खाली ठेवली आणि मला मिठी मारली.

"बाई, तुमचे उपकार मी कशानं फेडू?"

तिनं मागे रालित्साकडे बोट केलं.

"ही रोज फोनवर हसायची. मला वाटायचं, हिचं छान चाललंय. रोज फोन ठेवला की वाटायचं, यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. तुम्ही दाखवलंत म्हणून मला कळलं, माझी पोर कशी राहतेय ते. मी सोडून आले बाई तिकडचं. एर्नेस्ताची लेक म्हणतेय, रविवारपर्यंत थांबते, तोवर परत निघालीस तर ठीक, नाही तर दुसरी बाई बघते. म्हटलं, थांबूच नका. म्हातारीनं पदर धरल्यासारखा माझा कोट धरून ठेवला होता. पण पोरीपुढे काय."

"मग इथे काय करणार?" मी विचारलं.

"बघू. काहीतरी मिळेल." मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. इथे काही मिळत असतं तर ती गेलीच कशाला असती.

रालित्सा भिंतीला टेकून उभी होती. तिनं आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं. चार दिवस पोरीनं माझी अब्रू झाकून ठेवली होती. मी मात्र तिच्या घरचं सगळ्या गावासमोर उघडं केलं होतं.

गप्प राहिले असते तर मी या गावात देवमाणूस झाले असते. पण रविवार तीन दिवसांवर होता. म्हटलं, "पावलिना, बस खाली." आणि सांगितलं. ताटली माझी. वाक्यं माझी. आधीचा व्हिडिओ चांगला होता, खरा होता, तो मीच बाजूला टाकला. दोनदा तिला रडू आलं नाही, तेव्हा मी तिच्या कानात काय बोलले, तेही शब्दन् शब्द सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

मला वाटलं होतं, ती चिडेल. ती चिडली नाही. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे," ती म्हणाली, "ती माझ्यासाठी रडत नाही?"

याचा विचार मी केलाच नव्हता. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आपली इथे कुणाला उणीव आहे, आणि ते मी एकदा देऊन आता परत काढून घेत होते. आधी खोटं दिलं, आता खरं. दोन्ही वेळा घाव तिलाच बसला.

तिनं रालित्साला हाक मारली. "ये इकडे. खरं सांग, बाईंसमोर सांग. ताटली खोटी?"

"खोटी."

"रडणं?"

रालित्सानं खिडकीकडे पाहिलं. बाहेर पोरांचा चेंडू भिंतीवर आपटत होता. मग म्हणाली, "बाई म्हणाल्या, समज ती आलीच नाही. मी तसं कधी समजलेच नव्हते त्याआधी."

"आणि आता?"

"आता रोज समजते. तू फोन ठेवलास की लगेच."

पावलिनानं तिला जवळ ओढलं. माझ्याकडे पाहिलं नाही. शाळेत असताना बोलायची त्याच अदबीनं म्हणाली, "बाई, तुम्ही जरा बाहेर जाता का?" वर्ग माझा होता. मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

रविवारची बस गेली, पावलिना गेली नाही. आता कुणाच्या द्राक्षमळ्यात, कुणाच्या गोठ्यात, मिळेल ते करते. बाजारात बायका मला थांबवून म्हणतात, काही म्हणा बाई, तुमच्यामुळे एका पोरीची आई घरी आली. मी ऐकून घेते आणि पुढे जाते. रालित्सा वर्गात पहिल्या बाकावर बसते, विचारलं तर उत्तर देते, गृहपाठ वेळेवर आणते. तुला काय वाटतं, हे मात्र मी तिला पुन्हा कधी विचारलेलं नाही.