दिवस मोजणारी पट्टी

मित्रांनो, मी कापड मोजत नाही की भिंत मोजत नाही. मी माणसाचा दिवस मोजते. मी नासपतीच्या लाकडाची आहे. अंगावर शून्य ते दहा आकडे कोरलेले, मधल्या खाचेत सरकणारं तांबडं बटण. दिवस वाईट गेला तर शून्य, झकास गेला तर दहा.

मोराव्हिया प्रांतातल्या एका लहान गावातलं आमचं रुग्णालय बऱ्या न होणाऱ्या माणसांचं आहे. मेतोद सुताराची बायको इथे होती. रोज अठ्ठावीस प्रश्नांचा कागद भरायचा आणि तिला तर पेनही धरवेना. मेतोद चिडला, घरी गेला आणि मला घडवून घेऊन आला. "घे, एका बोटाने उत्तर दे," म्हणाला. ती हसली, तिने बटण सातवर नेलं. तो माझा पहिला दिवस.

इथे लोक नुसते मरायला येतात, असं बाहेरचे म्हणतात. साफ खोटं! इथे लोक पत्त्यांत लबाडी करतात आणि सूप अळणी झालं की आचाऱ्याचा उद्धार करतात. अशा हातांत मी वर्षानुवर्षं फिरले. माझं कौतुक झालं, कधी महिना महिना कपाटात धूळही खाल्ली.

मग हेडविका बाई आल्या. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेल्या. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. येत्या शनिवारी त्यांच्या अंगणात आलुबुखाराचा मुरंबा शिजणार होता आणि त्यांना तिथे असायचंच होतं. पुढच्या वर्षीचा मुरंबा त्यांच्या वाट्याला नव्हता.

त्या आठवड्यात आमची नेहमीची नर्स, झ्दिस्लावा सिस्टर, सुट्टीवर होती. बदली नर्स मला बाईंपुढे धरायची. बाई बटण एकवर न्यायच्या आणि समाधानाने हात पुसायच्या. नर्स आकडा लिहून चालू पडायची.

डॉक्टर राडिमने आपल्या खोलीत बसून कागद पाहिला. "चार दिवस सलग एक? बाई खचल्यात. झोपेचं औषध वाढवा. शनिवारचं घरी जाणं रद्द."

बाईंची खोली तिथून वीस पावलांवर. गेला नाही! मला संताप येतो तो याचाच. लाकडाला तोंड नसतं, पण डॉक्टरला पाय होते ना?

शुक्रवारी झ्दिस्लावा परतली. बाई भरदुपारी पेंगत होत्या, मांडीवर घरी न्यायची पिशवी.

"बाई, दिवस इतके वाईट चाललेत आणि कुणाला बोलला नाहीत?"

"वाईट? कोण मेला म्हणतो? रोज एक दिलाय मी! एक!"

झ्दिस्लावा हसत हसत पलंगावरच बसली. आमच्या शाळांत एक म्हणजे सगळ्यात वरचा गुण आणि पाच म्हणजे नापास. बाईंनी जन्मभर तेच गुण दिले होते, तेही हात आखडूनच.

डॉक्टरला बोलावलं.

"राडिम, गणितात एक दिला नाही म्हणून तू जिन्यात बसून रडला होतास. आठवतं?"

"आठवतं, बाई."

"मग एक म्हणजे काय, हे तुला वेगळं शिकवायला हवं होतं?"

"पट्टीवर दहा चांगला असतो, बाई," डॉक्टर पुटपुटला. कान लाल.

"पट्टीचं मला सांगू नकोस. नुसता दारात येऊन उभा राहिला असतास, तरी माझं तोंड दिसलं असतं."

त्यांनी मला उलटं केलं आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: राडिम, चार.

शनिवारी डॉक्टरनेच त्यांना गाडीतून घरी नेलं. मी पिशवीत होते. अंगणात तांब्याची कढई रटरटत होती. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरच्या हाती पळी दिली.

"हात चालव! डॉक्टर आहेस की पाहुणा?"

तीन तासांत त्याच्या हाताला फोड आले. अख्खं अंगण त्याला हसत होतं आणि तोही हसत होता. संध्याकाळी बाईंनी मुरंब्याच्या चिकट बोटाने माझं बटण पार दहावर ढकललं. "हे तुमच्या अडाणी पट्टीसाठी!"

मग पाठीवरचा चार खोडून त्यांनी दोन लिहिला.

"एक का नाही, बाई?"

"तळाला लागू दिलंस."

पहिल्या बर्फाआधी बाई गेल्या. आता डॉक्टर मला घेऊन स्वतः पलंगापाशी येतो, बसतो आणि आकडा पाहून झाला की विचारतो, "का हो?" मित्रांनो, मला जपा नाहीतर चुलीत घाला. पण आकडा कळला म्हणजे माणूस कळला, असं समजू नका. बटणावरचा तो जांभळा डाग मात्र कुणी पुसायचा नाही. डॉक्टरने तशी ताकीदच देऊन ठेवली आहे.