साठ हात दोर

छापखान्यात त्याला सगळे काटेमामा म्हणत. भिंतीपलीकडे कागदाचा गठ्ठा आकड्याला अडकवून घंटी वाजवली, की अलीकडच्या खोलीत मामा दोर ओढायचा आणि दोन ओढींतच वजन सांगायचा. "ऐंशी. जरा ओलसर आहे, एक्याऐंशी धरा." तराजू चुकेल, मामाचा हात चुकायचा नाही! भिंतीच्या भोकातून येणारा दोर, एवढंच त्याला दिसायचं. कप्पी पलीकडे, तिसऱ्या मजल्याच्या तुळईला.

सोमवारपासून मात्र ऐंशीचा गठ्ठा हाताला पंचावन्नचा लागत होता. रोज, प्रत्येक गठ्ठा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि पलीकडे गठ्ठे बांधायला कोण? साक्षात जावई! आता आली का पंचाईत. रविवारी बंद छापखान्याची किल्ली त्यानेच मागून नेली होती, परतला तो बाहीला ग्रीस फासून. "काय करत होतास रे?" म्हटलं तर म्हणाला, "काही नाही मामा, साफसफाई." साफसफाई म्हणे! हातसफाई म्हण की मेल्या. लेकीला विचारलं, तर तीही नजर चुकवून भांडी घासत बसली.

आणखी एक गोष्ट होती. चाळीस हातांत वर जाणारा गठ्ठा आता साठ हात दोर खात होता. पण ते खापर मामाने स्वतःच्या खांद्यावर फोडलं. उजवा खांदा दोन महिने ठणकत होता, हात पुरता लांबत नव्हता, मग ओढी जास्त लागणारच. हे फक्त लेकीला ठाऊक होतं. मालकीणबाईंच्या कानावर गेलं असतं तर कारभार आटोपला. दोर ओढवेना त्याने घरी बसावं, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी सख्ख्या भावालाही लावला होता.

पलीकडे जाऊन बघायला काय पाय मोडले होते? पण चोर सावध होतो ना! हलक्या दोराने खांद्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की मामाला जास्तच संताप यायचा. शेवटी शनिवारी तो बाईंसमोर उभा राहिला. "माझा जावई असला म्हणून काय झालं? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मला नको. गठ्ठा काट्यावर घाला."

घातला. भिंतीपलीकडे, सगळ्यांदेखत, काटा बरोब्बर ऐंशीवर.

मामाचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी मान वर करून तुळईकडे पाहिलं. "कप्पीला दोनच चाकं होती. हे तिसरं कुणी घातलं? चाक वाढवलं की वजन हलकं लागतं, दोर मात्र जास्त ओढावा लागतो."

मामाने वर बघून चाकं मोजली. साठ हात! आयुष्य दोरावर गेलं आणि एवढं कळू नये?

"मीच घातलं," जावई म्हणाला. "जुना दोर घासत होता."

"दोर घासत होता, की मामांना झेपत नव्हतं?"

"छे! मामांना न झेपायला काय झालं?"

"मग काढ ते चाक. मामा, ओढून दाखवा."

चाक निघालं. मामा खोलीत गेला, घंटी वाजली. पहिल्याच हाताला त्याने वजन ओळखलं. ऐंशी. किती सहज चोर ठरवलं आपण त्या पोराला! नवव्या हाताला खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने दोर खुंटीला गुंडाळला आणि भोकाला तोंड लावून ओरडला, "बाई, माझा खांदा गेलाय! पोराला काही बोलू नका. त्याने माझ्यासाठी केलं, आणि मी त्याला चोर म्हटलं."

"नियम तुम्हाला ठाऊक आहे, मामा," पलीकडून बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता.

जावई आत आला. त्याने दोर सोडवून घेतला. उरलेले एकतीस हात त्याने ओढले, आणि शेजारी उभा राहून मामाने ते एकेक करून मोजले.